क्वेकर पेगची फुलं

विल्यम पेग हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. इंग्लंडातसुद्धा जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा नाद असलेली मंडळी सोडली तर ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला डर्बी शहरातल्या पोर्सलिनच्या कारखान्यात हा माणूस श्रीमंतांच्या जेवणाच्या रकाब्यांवर फुलं रंगवायचा. हात ऐन भरात असताना, जेमतेम पंचविशी-सव्विशीत, त्यानं ब्रश खाली ठेवला. कुणी कामावरून काढलं नव्हतं, नजर गेली नव्हती. फुलं रंगवणं हे त्याला पाप वाटू लागलं होतं.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अब्बा आठवले.

अब्बा पेंटर होते. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पुढे एक फळी, मागे रंगांचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. दुकानांच्या पाट्या, एसटी स्टँडवरच्या जाहिराती, निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांचे चेहरे आणि लग्नसराईत पत्र्याच्या पेट्या. त्या काळी मुलीला सासरी जाताना पत्र्याची ट्रंक द्यायचे. तिच्यावर अब्बा गुलाब काढायचे. हिरवा हात मारायचा, त्यावर पानांच्या शिरा, मग लाल, मग ओल्या लालवर पांढऱ्याचा एकच फटकारा. आजूबाजूच्या गावांतून, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतून, त्यांच्याच गुलाबाची पेटी हवी म्हणून लोक यायचे.

1974 साली त्यांनी चेहरे काढणं बंद केलं. कुणाचं प्रवचन ऐकून की स्वतःच्या मनानं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. माणूस नाही, जनावर नाही, पाखरू नाही. पेटीवरच्या गुलाबाशेजारी पूर्वी ते एक फुलपाखरू काढायचे, तेही गेलं. राहिली ती अक्षरं आणि फुलं. निवडणुकीचा सगळा धंदा दुसऱ्या पेंटरकडे गेला. पुढची काही वर्षं अम्मी शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत चालवायची. घरात या विषयावर भांडण झालं नाही, चर्चाही झाली नाही. मी मात्र पुढे ड्रॉइंग मास्तर झालो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलांना बसवायचं म्हणजे स्मरणचित्रात माणसं काढायला शिकवणं आलंच. अब्बांनी त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. एकदा माझं एक व्यक्तिचित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गालाच्या सावलीत निळा घातलास काय?" बस्स, एवढंच.

आमच्या घरी रकाब्याही होत्या. माझे दादा जहाजावर खलाशी. आपल्या कोकणी मुसलमानांच्या घराघरातून त्या पिढीत एखादा तरी आगबोटीवर असायचाच. ते विलायतेहून येताना सहा रकाब्या घेऊन आले होते. पांढऱ्या, कडेला सोनेरी रेघ, मध्ये गुलाबी गुलाब आणि पाठीमागे 'मेड इन इंग्लंड'. दादी त्या कपाटात ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिच्या मते भांडं हे जेवायलाच असतं. त्या गुलाबांकडे पाहून अब्बा म्हणायचे, हे हातानं काढलेलं नाही. एवढ्या लांबून त्यांना कसं कळतं याचं मला नवल वाटायचं. भिंग घेतल्यावर मलाही कळलं. छापील चित्र ठिपक्यांचं असतं आणि सहाही रकाब्यांवर पाकळी त्याच जागी तशीच वळलेली असते. हातानं काढलेल्या फुलात ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, रंग कुठे साचला ते दिसतं आणि एका फुलासारखं दुसरं नसतं. मग खरं हातानं काढलेलं कसं असतं, या कुतूहलातून मी वाचत गेलो आणि पेगपर्यंत पोहोचलो.

इंग्लंडात या वनस्पतींच्या चित्रांची सुरुवात चेल्सीला झाली. लंडनशेजारच्या चेल्सीत औषधी वनस्पतींची एक बाग होती आणि आजही आहे. सर हॅन्स स्लोन या धनाढ्य डॉक्टरनं 1722 मध्ये ती औषध विक्रेत्यांच्या संघाच्या स्वाधीन केली आणि फिलिप मिलर नावाचा माळी तिथं जवळजवळ पन्नास वर्षं राबला. या मिलरचा साडू गेओर्ग एहरेट. जन्मानं जर्मन आणि वनस्पतींची चित्रं काढण्यात त्या काळी युरोपात त्याची बरोबरी करणारे थोडेच. बागेजवळच पोर्सलिनचा कारखाना होता. 1750 नंतरच्या काही वर्षांत त्या कारखान्यानं एहरेटच्या आणि मिलरच्या ग्रंथातल्या चित्रांवरून रकाब्या रंगवल्या. 1758 मध्ये डब्लिनच्या एका वर्तमानपत्रात 'सर हॅन्स स्लोनच्या वनस्पती' काढलेल्या रकाब्यांची जाहिरात आली, तेव्हापासून त्यांना तेच नाव चिकटलं. या रकाब्यांत एक सबंध फांदी, तिची मुळं, चिरलेलं फळ, बिया असं सगळं आडवंतिडवं पसरलेलं असतं आणि शेजारी फुलपाखरं, सुरवंट, किडे. जाणकार सांगतात की भट्टीत भांड्याला पडलेला डाग झाकायलाही किडा उपयोगी पडायचा. अब्बांनी आपलं फुलपाखरू पुसलं ते आणि चेल्सीवाल्यांनी हे काढलं ते, दोन्ही पोटासाठीच्या कामातलंच. पण एकाचा किडा डाग झाकत होता आणि दुसऱ्याला तो स्वतःच डाग वाटू लागला होता.

डर्बीचा कारखाना विल्यम ड्यूस्बरीनं वाढवला. 1770 मध्ये त्यानं चेल्सीचा कारखानाच विकत घेतला आणि 1784 मध्ये तो बंद करून सगळा बाडबिस्तरा डर्बीला नेला. 1787 मध्ये विल्यम कर्टिस यानं वनस्पतींचं एक नियतकालिक काढलं. त्यातलं प्रत्येक चित्र छापल्यावर हातानं रंगवलेलं असे. डर्बीच्या चित्रकारांपुढे या नियतकालिकाचे अंक असत. एका रकाबीवर एकच झाड. मध्ये पांढऱ्या शुभ्र जागेवर ते एकटं उभं आणि पाठीमागे त्याचं लॅटिन आणि इंग्रजी नाव. जेवणारा पाहुणा रकाबी उलटी करून नाव वाचत असेल का, असा प्रश्न मला पडतो. रस्सा वाढण्याआधी वाचत असावा.

नाव झाडाचं असे, चित्रकाराचं नसे. पाठीवर कारखान्याची खूण: मुकुट, त्याखाली फुलीसारख्या दोन काठ्या, सहा ठिपके आणि 'डी' हे अक्षर. कुठलं फूल कुणी काढलं हे आता पाकळीच्या वळणावरून, पानाच्या धाटणीवरून ठरवावं लागतं.

हे काम कसं चाले ते सांगितलं पाहिजे, कारण पेगनं काय सोडलं ते त्याशिवाय कळायचं नाही. चिनी माती, वाटलेला दगड आणि जाळलेल्या हाडांची राख यांचं भांडं घडवायचं आणि भाजायचं. हाडांची राख म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न 'कुठल्या जनावराची' हा येतो. प्रामुख्यानं गुराढोरांचीच. मग झिलई देऊन पुन्हा भाजायचं. आता ते काचेसारखं गुळगुळीत होतं. या काचेवर रंगवायचं. रंग म्हणजे धातूंची भस्मं. तांब्यापासून हिरवा, लोखंडापासून विटकरी, कोबाल्टपासून निळा आणि गुलाबाचा तो गुलाबी चक्क सोन्यापासून. ती काचेच्या पुडीत मिसळून टर्पेंटाइनमध्ये घोटायची. रंगवताना दिसणारा रंग भाजल्यावर दिसणारा नसतो. म्हणजे चित्रकार डोळ्यांपुढच्या नव्हे, मनातल्या रंगानं काम करतो. मग सात-आठशे अंशांच्या बंद भट्टीत पुन्हा भाजायचं. नंतर बारकावे, पुन्हा भट्टी. शेवटी दुसरा कारागीर कडेला सोनं लावणार, पुन्हा भट्टी, मग ते सोनं अकीकाच्या दगडानं घासून चकाकवायचं. यातल्या कुठल्याही आगीत आठ दिवसांची मेहनत तडकू शकते.

याच कारखान्यात पेगच्या आधी विल्यम बिलिंग्जली होऊन गेला. 1774 मध्ये तो इथं उमेदवार म्हणून लागला. पूर्वीचे लोक पाकळीवरचा उजेड दाखवायला तिथली जागा कोरी सोडायचे. बिलिंग्जली सगळी पाकळी रंगानं भरायचा आणि मग कोरड्या ब्रशनं रंग उचलून घ्यायचा. उचललेल्या जागी आतला पांढरा उजळून येई. त्यानं रंगवलेली एक रकाबी नवशिक्यांपुढे कित्त्यासारखी ठेवत. अब्बा ओल्या लालवर पांढरा घालायचे, हा रंग काढून घेऊन पांढरा मिळवायचा. पत्र्याखाली पांढरं नसतं, पोर्सलिनखाली असतं, फरक एवढाच. बिलिंग्जलीनं पुढे डर्बी सोडलं आणि अधिक पांढऱ्या, अधिक पारदर्शक मातीच्या मागे लागून पिंक्स्टन, वुस्टर, वेल्समधलं नँटगारो असा वणवण फिरला. नँटगारोच्या भट्टीत बहुतेक माल वाकडा होऊन बाहेर यायचा. कर्जात बुडून 1828 मध्ये तो गेला. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.

तो 1796 मध्ये डर्बीतून गेला आणि त्याच वर्षी पेग आला. पेगचा जन्म 1775 चा, बाप माळी. म्हणजे फूल त्यानं आधी मातीत पाहिलं, मग कागदावर. दहाव्या वर्षी तो कुंभारकामाच्या कारखान्यात लागला होता. लहानपणापासून त्याला एका गोष्टीनं झपाटलं होतं: आपला आत्मा वाचेल की नाही? या प्रवचनाहून त्या प्रवचनाला, या पंथातून त्या पंथात असा तो फिरत राहिला आणि 1800 मध्ये क्वेकर झाला.

क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. त्यांच्यात पाद्री नाही. उपासना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसणं. कपडे साधे, घर साधं. संगीत नको, भिंतीवर चित्र नको, दागिना नको. आणि गंमत अशी की इंग्लंडचं पोर्सलिन आणि इंग्लंडचं वनस्पतिशास्त्र या दोन्हींत हे साधे लोक जागोजागी भेटतात. कॉर्नवॉलची चिनी माती ओळखून 1768 मध्ये पक्क्या पोर्सलिनचं पेटंट घेणारा विल्यम कुकवर्दी क्वेकर होता. ज्याच्या अंकांवरून डर्बीत फुलं उतरवली जात तो कर्टिस क्वेकर घराण्यातला. झाडांचे मोठे शौकीन पीटर कॉलिन्सन आणि डॉक्टर जॉन फॉदरगिल, दोघेही क्वेकर. नाचगाणं, नाटक, चित्र सगळं वर्ज्य केल्यावर माणसाच्या डोळ्यांना काही तरी हवंच असतं. झाड चालत होतं, कारण ते देवानं केलेलं.

पण झाड पाहणं वेगळं आणि सोन्याच्या कडेत बसवून उमरावाच्या टेबलावर मांडणं वेगळं. पेगला तिथं अडखळायला झालं. आपल्या हाताची करामत दुसऱ्याच्या श्रीमंतीचा दिमाख वाढवते, डोळ्यांना भुलवते, यात आत्म्याचं नुकसान आहे असं त्याच्या मनानं घेतलं. तौरेतमधल्या दहा आज्ञांत आकाशातल्या, जमिनीवरच्या, पाण्यातल्या कशाचीही प्रतिमा करू नये असं आहे. तीही त्याला टोचली असावी. त्यानं काम सोडलं आणि मोजे विणण्याच्या मागावर जाऊन बसला.

डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर हा सगळा भाग या मागांचा. मजुरी तुटपुंजी. पुढे ती इतकी घसरली की 1811 पासून विणकरांनी रात्री-बेरात्री माग फोडायला सुरुवात केली. इतिहासात ज्यांना लडाइट म्हणतात ते हेच. त्यांना दाबायला सरकारनं फौजा पाठवल्या आणि 1812 मध्ये माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. अशा दिवसांत, 1813 मध्ये, पेग डर्बीच्या कारखान्यात परत आला. बारा-तेरा वर्षांनी. लोक याचा अर्थ दोन प्रकारे लावतात. काही म्हणतात भूक जिंकली, काही म्हणतात कला जिंकली. मला दोन्ही सोयीचं वाटतं. अम्मीची मशीन रात्री चालताना मी ऐकली आहे. तिच्या आवाजात कोण जिंकलं नि कोण हरलं असं काही नव्हतं.

परत आल्यावर त्यानं जे काढलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. 1813 साल घातलेली त्याची स्केचवही डर्बीतच जपलेली आहे. त्या काळातल्या डर्बीच्या भांड्यांवर त्याची फुलं खऱ्या आकाराची, पसरट, जवळजवळ भांड्यात न मावणारी आहेत. गुलाब-शेवंतीच नाही तर रानातली, बांधावरचीही. आणि पाठीमागे नाव.

2017 च्या जूनमध्ये लेकीकडे लेस्टरला गेलो होतो. तिथून डर्बी आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं. डर्बी म्युझियमला तिकीट नाही. त्या शहराच्या कारखान्यांतली भांडी तिथं कपाटांमागून कपाटं भरून मांडली आहेत. नात कंटाळली आणि लेक तिला घेऊन बाहेर गेली, हे माझ्या पथ्यावर पडलं. पेगनं थिसल काढलेलं एक भांडं तिथं आहे. थिसल म्हणजे आपल्या उत्कटारीसारखं काटेरी रानझाड. शेतकरी दिसलं की उपटून टाकतो. ते सबंध झाड सोनेरी कडेच्या भांड्यात पसरलेलं. पानांचा एकेक काटा टोकापर्यंत नेलेला. हा माणूस दिमाखाचं फूल काढायला घाबरला आणि म्हणून त्यानं काटे निवडले, असं मी म्हणणार नाही. थिसल हे स्कॉटलंडचं मानचिन्ह आहे आणि कारखान्याला गिऱ्हाइकाची मागणी सांभाळावी लागते. पण ड्रॉइंग मास्तर म्हणून एक सांगू शकतो. कंटाळलेला किंवा हिशेबी हात पानाच्या मागच्या बाजूचे काटे गाळतो, कारण ते कुणी पाहत नाही. पेगनं तेही काढले होते. खाली हात ठेवून मी भांड्याच्या काचेसमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. पहारेकऱ्यानं दोनदा येऊन पाहिलं.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी एका कारागिरालाच दिलं गेलं आहे. हजरत इब्न अब्बास यांच्याकडे एक माणूस आला. चित्रं करणं हीच त्याची रोजीरोटी होती. त्यांनी त्याला इशारा दिला आणि मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून सांगितलं की करायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह नाही ते काढ. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. तिचा अर्थ कुठपर्यंत ताणायचा यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. मला तिच्यातला तो उतरलेला चेहरा महत्त्वाचा वाटतो. हुकूम सांगणाऱ्यानं समोरच्याच्या पोटाकडे पाहिलं होतं. अब्बांना ती वाट मिळाली. अक्षरं आणि फुलं घेऊन ते आणखी सव्वीस वर्षं दुकानात बसले आणि रात्री शांत झोपले. पेगला झाडाचीही सोय नव्हती. त्याचा झगडा प्रतिमेशी कमी आणि रकाबीशी जास्त होता. फूल कागदावर राहिलं असतं तर कदाचित त्यानं आयुष्यभर काढलं असतं. भट्टी, सोनं, उमरावाचं टेबल, तिथं त्याला जागा सापडेना.

1820 मध्ये त्यानं दुसऱ्यांदा आणि कायमचं काम सोडलं. डर्बीतच एक छोटंसं किरकोळ मालाचं दुकान टाकलं आणि त्यावर तीस वर्षं काढली. 1848 मध्ये नॉटिंगहॅम रोडवरचा जुना कारखाना बंद पडला, तेव्हा तो त्याच शहरात होता. 1851 मध्ये तो वारला. त्याला धर्मवेडा म्हणणारे आहेत. धर्मवेडा दुसऱ्याचं काम बंद पाडतो. पेगनं शेजारच्या बाकावरच्या कुणाचा ब्रश हिसकावल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

आज त्याच्या हातचं म्हणून सिद्ध झालेलं भांडं लिलावात आलं की शौकिनांची झुंबड उडते. त्यात एक अट असते: फुलावर ओरखडे नसावेत. हे रंग झिलईच्या वर असतात, झिलईखाली नाही. सुरी-काटा घासला, भांडं राखेनं किंवा वाळूनं घासलं की आधी सोनं जातं, मग पाकळी. म्हणजे जी भांडी जेवणाला वापरली त्यांची फुलं गेली. जी शोभेला कपाटात ठेवली तीच दोनशे वर्षं टिकली. पेगला ज्या दिमाखाची धास्ती होती त्यानंच त्याची फुलं सांभाळली, हे त्याला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक.

दादांच्या सहा रकाब्यांपैकी दोन उरल्या आहेत. माझ्या आपाच्या घरी असतात. रोज वापरून, राखेनं घासून त्यांच्यावरचा गुलाब पार निघून गेला. एकीवर देठ आणि दीड पान आहे, दुसरी कोरी पांढरी. आपा त्या कोऱ्या रकाबीत रमजानात खजूर भरून शेजारी पाठवते आणि शेजारीण ती रिकामी परत करत नाही.